कधीतरी एखादी...

मागच्या महिन्यात आमच्या घरात एका गोळीवरून वाद झाला. वाद म्हणजे भांडण नव्हे. पण तीन-चार दिवस चंद्रपूर-नागपूर-पुणे असे फोन चालू होते, आणि प्रत्येकाचं मत ठाम होतं. प्रश्न साधा होता. आमच्या मोठेबाबांनी विचारलं होतं, "महिन्यातून एखादी घेतली त काय होते गा?"

ज्यांना मोठेबाबा माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (त्यांना विचारूनच लिहितोय. "लिही, पण नाव नको टाकू" एवढीच त्यांची अट.) कोळसा खाणीत तीस वर्षं, तिन्ही पाळ्या. दारू होती, भरपूर होती. २०१३ साली सोडली. उपचार केंद्रात सुरुवातीचे दहा दिवस लिब्रियमच्या गोळ्या दिल्या, मग बंद केल्या. इथपर्यंत सगळं बरोबर. पण घरी आल्यावर झोप लागेना. कुणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिली, आणि ती जुनी चिठ्ठी पुढे तीन वर्षं चालली. दारू सुटलेल्या माणसाच्या हातातली गोळी कुणाच्या डोळ्यात येत नाही. ती 'औषध' असते ना! पाव मिलिग्रॅमची अर्धा झाली, अर्ध्याची एक, मग दुपारीही एक. २०१६ साली एका तेरवीला गावी गेले, गोळ्यांची पट्टी चंद्रपूरलाच राहिली. तिसऱ्या दिवशी फिट आली. तेव्हा सगळ्यांना कळलं की ही दुसरी दारूच होती.

ती सोडायला दहा महिने लागले. एका समजूतदार डॉक्टरांनी आधी डायझेपामवर आणलं आणि मग अगदी चिमूट-चिमूट कमी केलं. त्याला आता आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी कार्तिकात मोठीआई गेली. घरात एकटे असतात. रात्री दोनला जाग येते ती येतेच. त्या एकटेपणातून तो प्रश्न आला होता.

ताईचं म्हणणं, "माणूस सत्तरीचा झाला. झोपू द्या ना त्याला! महिन्यातून एक गोळी घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?" जावईबापूंचं म्हणणं बरोबर उलट, गोळीचं नावही घरात नको. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. पण या विषयावर गेली आठ वर्षं जे मिळेल ते वाचत आलोय, डॉक्टर मित्रांना छळत आलोय. माझं मत झालंय ते असं, की मोठेबाबांसारख्या माणसासाठी 'कधीतरी एखादी' असा प्रकारच नसतो. आता का ते सांगतो.

पहिली गोष्ट शरीराची. दारू आणि या गोळ्या (डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम... सगळ्या एकाच गोत्रातल्या) मेंदूत एकाच जागी काम करतात. गाबा नावाचं रसायन मेंदूला शांत करतं, त्याचा जोर या दोघीही वाढवतात. एकाच तळ्याचे दोन घाट समजा. म्हणून तर दारू सोडताना लिब्रियम देतात. दारू एकदम काढली की मेंदू उसळतो, हात थरथरतात, फिट येते, भ्रम होतो. तो उसळा गोळी थोपवून धरते. म्हणजे जी गोळी दारूतून बाहेर काढते, तीच दारूची बदली कामगारही होऊ शकते. झोपेसाठी मिळणारी झोल्पिडेम रसायन म्हणून वेगळी आहे, पण तीही त्याच घाटावर उतरते. "ही त्यातली नाही, नवीन आहे" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

एकदा सवय लागून गेलेला मेंदू कोऱ्या पाटीचा राहत नाही. दारूच्या बाबतीत हे बरंच अभ्यासलं गेलंय, सोडणं-धरणं-सोडणं असं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. शिवाय उलटी बाजूही आहे. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या दिवसांत ज्याला तीन गोळ्यांनी काही होत नव्हतं, त्याला आठ वर्षांनंतर त्याच तीन जड जातात. आणि वर मोहाची दोन घोट गेली असेल तर श्वासच मंदावतो. म्हणजे ओढ जुनीच राहते आणि ताकद मात्र नव्या माणसाची!

दुसरी गोष्ट झोपेची. गोळीने आलेल्या झोपेचं एक कर्ज असतं. चार-पाच रात्री घेऊन बंद केली की पुढच्या रात्री झोप आधीपेक्षाही वाईट लागते. हे माहीत नसलेला माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही." खरं तर ती जाग गोळीनेच मागे ठेवलेली असते. महिन्यातून एकीची आठवड्यातून एक होते ती या वाटेने. त्यात कुणाचा चारित्र्यदोष नाही, औषधाचा स्वभावच तसा आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती ना शरीराची ना झोपेची. 'कधीतरी' हे काही गोळीचं प्रमाण नाही. अर्धी, एक, दोन ही प्रमाणं. 'कधीतरी' हा एक निर्णय आहे, आणि तो दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. कोण घेणार? रात्री दोन वाजता अंथरुणावर बसलेला एकटा माणूस. आजची रात्र 'ती' रात्र आहे का? मागची कधी घेतली होती? आज जरा जास्तच त्रास आहे ना? हा हिशोब त्याने त्याच मनाने करायचा, ज्या मनाला गोळी हवी आहे. ज्याला कधी सवय लागली नाही त्याला हे जमतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये विमानप्रवासासाठी दिलेली पट्टी पडलेली असते, तो विसरूनही जातो. मोठेबाबा कधी विसरणार नाहीत. घरात पट्टी आहे हे त्यांना प्रत्येक रात्री ठाऊक असेल. ज्या दिवशी गोळी घेतली नाही त्या दिवशीही तिच्याशी वाटाघाटी चालू राहतील.

आणि 'अजिबात नाही' या उत्तराची खरी सोय हीच आहे. त्यात निग्रह दिसतो, पण असते ती विश्रांती. रोज रात्रीचा तो वाद मिटतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मंडळी १९३५ पासून पहिल्या प्याल्याबद्दल बोलतात, दहाव्या प्याल्याबद्दल नाही. त्याचं कारण हेच असावं. दहावा प्याला कुणी ठरवून पीत नाही. ठरवणं फक्त पहिल्याच्या वेळी हातात असतं. आपल्याकडे अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरांना हे थोडंफार कळायला लागलं की व्यसन हा आजार आहे आणि सोडल्यानंतरचा काळच लांब आणि अवघड. पण ते कळलं दारूच्या, गर्दच्या बाबतीत. गोळीला आपण अजून वेगळ्या पाटावर बसवतो.

आमच्या भागात तर याला आणखी एक पदर आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. लोकांच्या चळवळीतून आलेली, डॉ. अभय आणि राणी बंग यांचं 'सर्च' तिच्या मागे होतं. २०१६ पासून तिथे मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी काम चालू झालं. चंद्रपुरात बायका २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या, १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांवर इथे चहाच्या टपरीवर आजही तासभर वाद होतो. होऊ दे. मला त्यातलं एवढंच सांगायचंय, की दारू या विषयावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकाचं मत आहे. मोर्चे निघाले, महिला मंडळांनी भट्ट्या फोडल्या. खर्ऱ्याबद्दलही लोक बोलतात. झोपेच्या गोळीबद्दल कुणी बोलत नाही. तिला वास नाही, तोल जात नाही (लगेच तरी नाही), बायकोला मार बसत नाही. ती गप्प बसून काम करते. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेला देशव्यापी अहवाल आला. त्यात १० ते ७५ वयातले सुमारे १.०८ टक्के लोक, म्हणजे जवळजवळ १ कोटी १८ लाख, डॉक्टरी सल्ल्याबाहेर अशी गुंगीची औषधं घेतात असं निघालं. संख्येने जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.

सिरोंचाला प्राणहितेच्या काठी उभं राहिलं की पलीकडे तेलंगणा. तिथली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. तिथे शिंदी-ताडीत भेसळ करायला अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट वापरतात. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त, मग पाण्यात गुंगी मिसळायची. २०१५ साली सरकारने भेसळीवर धाड घातली आणि ताडी अचानक 'शुद्ध' झाली. त्याबरोबर शेकडो माणसं दवाखान्यांत आली. फिट, भ्रम, थरथर. त्यांना वाटत होतं आपण ताडी पितो, शरीर मात्र गोळीवर बसलेलं होतं! मला ही गोष्ट दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. एक, आपण काय घेतोय हे माहीत नसतानाही शरीर हिशोब ठेवतं. दोन, ही वस्तू एकदम तोडणं धोक्याचं असतं, मग तोडणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. आज कुणी रोज गोळी घेत असेल आणि हे वाचून उद्या पट्टी नाल्यात फेकणार असेल, तर कृपा करून तसं करू नका. डॉक्टरकडे जा, आठवडे-महिने घालवून कमी करा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९८२ ते १९९४ याच कामाचा दवाखाना चालवला आणि सावकाश कमी करण्याची रीत लिहून ठेवली. मोठेबाबांचे दहा महिने त्याच रीतीचे.

माहीत नसताना घेणं हे काही ताडीपुरतं नाही. पोटात मुरडा येतो, गॅस होतो म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियम, डायसायक्लोमिनबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं. म्हणजेच लिब्रियम! नैराश्यावरच्या काही जोडगोळ्यांत क्लोनाझेपाम असतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचायचं. २०१४ च्या मार्चपासून यातली बरीच औषधं एच-वन यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी बघून द्यायची, वहीत पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण ओळखीच्या काउंटरवर "नेहमीचीच द्या" म्हटल्यावर तो किती पाळला जातो हे आपण सगळे जाणतो.

वयाचंही बोलायला हवं. ताई म्हणते सत्तरीत काय उरलंय. मी म्हणतो सत्तरीतच जास्त जपायला हवं. डायझेपाम शरीरातून अर्धं निघायलाच तरुण माणसातही एक-दोन दिवस लागतात, त्यापासून तयार होणारं दुसरं द्रव्य त्याहून जास्त दिवस रेंगाळतं, आणि म्हाताऱ्या शरीरात हे सगळं अजून लांबतं. म्हणजे शनिवारी रात्रीची गोळी सोमवारी सकाळीही थोडी असते. पाय लटपटतो, न्हाणीत घसरायला होतं, खुब्याचं हाड मोडतं. आणि आपला मुलूख कसा आहे? मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे पहाटे शेताकडे निघालेल्या माणसाला कान-डोळे उघडे ठेवूनच चालावं लागतं. धानाच्या दिवसांत रानडुकरांसाठी रात्री मचाणावर जागल असते. मोठेबाबांचं शेतही जंगलाला लागून आहे, ते अजून जातात. गुंगीतल्या माणसाने तिथे जाऊ नये हे सांगायला काही वाघाची साक्ष नको.

आता ताईच्या बाजूचं. तिच्या म्हणण्यात जे खरं आहे ते मला नाकारायचं नाही. झोप न येणं हा छळ आहे. रात्री दोन ते पाच हे तीन तास ज्याने एकट्याने काढलेत त्यालाच ते कळतं. "गोळी नको" एवढं म्हणून आपण सुटलो तर तो निष्ठुरपणा झाला. गोळी काढून घ्यायची असेल तर त्या जागी काहीतरी द्यायला लागतं. निद्रानाशावर आधी औषध नको, आधी झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार दुरुस्त करण्याची उपचारपद्धत वापरा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ सालीच सांगितलं. ती वापरायला अमेरिका लागत नाही. उठण्याची वेळ रोज एकच. झोप आली तरच अंथरुणावर, वीस-पंचवीस मिनिटांत लागली नाही तर उठून बसायचं, कूस बदलत पडून राहायचं नाही. चारनंतर चहा बंद. दुपारची झोप अर्ध्या तासाची. (चंद्रपूरच्या ४६ डिग्रीत हे सांगणं सोपं, करणं कठीण, मान्य!) गंमत म्हणजे तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला 'रोज एकच वेळ' ही आयुष्यात पहिल्यांदा मिळणारी चैन आहे.

पण मोठेबाबांच्या बाबतीत खरा उपाय याहून साधा आहे आणि तो आपल्या हातात आहे. त्यांना झोप नाही, त्याचं एक मोठं कारण ते घर रिकामं आहे. पंचेचाळीस वर्षं शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तो थांबला. यावर अल्प्राझोलाम हे औषध नाही. दुःख आणि निद्रानाश महिनोन् महिने राहिलेच तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं, सवय न लावणारी औषधंही असतात. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ आहे. आणि नातेवाईक आहेत. म्हणजे आपण.

जावईबापूंनाही दोन शब्द. 'गोळीचं नावही नको' हेही मला पटत नाही. उद्या मोठेबाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर भूल देणारे डॉक्टर याच गोत्रातलं औषध वापरतील, आणि वापरावंच. फिट आली तर ती थांबवायला हेच लागतं. माझा आग्रह एवढाच आहे की तो निर्णय मोठेबाबांनी एकट्याने घ्यायचा नाही. ज्या डॉक्टरला पूर्ण इतिहास माहीत आहे त्याने घ्यायचा. गोळ्या किती आणि शेवटची कोणत्या तारखेला हे आधीच कागदावर हवं, आणि पट्टी दुसऱ्याच्या ताब्यात. दारूचा आणि अल्प्राझोलामचा इतिहास त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा. त्यात लाज कसली? साखरेचा आजार लिहितोच ना. एए ची मंडळीही आपल्या सभासदांना हेच सांगतात की डॉक्टरपासून काही लपवू नका आणि स्वतः दुसऱ्याचे डॉक्टर बनू नका. नैराश्याचं औषध चालू असलेल्याला "हेही व्यसनच" म्हणून बंद करायला लावणारे लोक मी पाहिलेत. तो वेडेपणा आहे.

आणि समजा एखाद्या रात्री त्यांनी घेतलीच? तर ओरडायचं नाही. कडक घरात लोक गोळी सोडत नाहीत, लपवायला शिकतात. एक गोळी ही आठ वर्षं बुडाल्याची खूण नसते. सकाळी उठून ज्याला सांगता येईल असं कुणीतरी असलं, तर ती एकच राहण्याची शक्यता जास्त. दुसरी गोळी बहुतेक वेळा पहिली लपवण्याच्या धडपडीत येते.

मी मोठेबाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. (इतकं लांबलचक नाही, ते ऐकून घेतले नसते.) ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नाहीच म्हन ना." म्हटलं, "नाहीच जी. पण रात्री दोनला फोन करा." "दोनला तू उठशील?" म्हटलं, उठीन.

आतापर्यंत नऊ वेळा फोन आलाय. एकदा नुसतं पाऊस पडतोय एवढं सांगायला. ताईनेही आपला वार मागून घेतलाय, सोमवार आणि गुरुवार रात्री तिच्याकडे. बाकीचे वार मोकळे आहेत. घरातल्या मंडळींपैकी जे वाचत असतील त्यांनी आपापला वार कळवावा. बाकी वाचकांपैकी कुणी या वाटेने गेलं असेल, स्वतः किंवा घरातल्या कुणाबरोबर, तर त्यांचं मत वाचायला मला खरंच आवडेल. माझ्याविरुद्ध असलं तरी.